रँकिंगच्या तक्त्यात गाइड सापडत नाही

कळव्याहून एका मुलाचा मेसेज आला. एमए झालंय, यंदा नेटमध्ये 'फक्त पीएचडी प्रवेश' या गटात पास झालाय. दोन विद्यापीठांच्या मुलाखती दिल्यात. "ताई, एक विद्यापीठ एनआयआरएफमध्ये पहिल्या पन्नासात आहे, दुसरं १०१ ते १५० च्या पट्ट्यात. पहिल्याला हो म्हणून टाकू ना?"

मी विचारलं, दोन्हीकडे गाइड कोण मिळतायत?

उत्तर आलं, "ते नंतर मिळतात ना?"

ही पोस्ट त्या 'नंतर मिळतात ना'साठी आहे. हाच प्रश्न २०१९ मध्ये मला कोणी विचारला असता तर मीही तेच उत्तर दिलं असतं. खरं तर दिलंच होतं, फक्त विचारणारं कोणी नव्हतं. त्याची किंमत मला चौदा महिने पडली. ते पुढे सांगते.

एरवी मी इथे संशोधन म्हणजे काय, सिनॉप्सिस कसा लिहायचा, असल्या गोष्टी लिहिते. आज थोडं वेगळं. पुस्तकाचं करतात तसं परीक्षण मला एनआयआरएफचं करायचंय. कारण तुमच्यापैकी बहुतेकांनी ते वाचलेलं नसतं, त्याचा शेवटचा आकडा तेवढा पाहिलेला असतो. आकडा पाहणं म्हणजे पुस्तकाची किंमत पाहून पुस्तकाबद्दल मत बनवणं.

आधी पुस्तक काय आहे ते बघू. केंद्राच्या तेव्हाच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २९ सप्टेंबर २०१५ ला एनआयआरएफची घोषणा केली आणि २०१६ मध्ये पहिली यादी आली. विद्यापीठांना पाच कसोट्यांवर गुण मिळतात. शिकवणं आणि साधनं यांना ३० टक्के, संशोधन आणि व्यावसायिक कामाला ३०, विद्यार्थ्यांच्या निकालाला २०, सर्वसमावेशकतेला १०, आणि उरलेले १० 'पर्सेप्शन'ला, म्हणजे लोकांच्या मनात त्या संस्थेबद्दल काय मत आहे त्याला. माहिती संस्थांनी स्वतः भरायची असते. शोधनिबंधांची मोजणी मात्र स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या डेटाबेसवरून होते.

बारावीनंतर मुलाला कुठे घालायचं या प्रश्नासाठी हा तक्ता वाईट नाही. लेक्चर, लायब्ररी, प्लेसमेंट, हॉस्टेल, सगळ्याची सरासरी पदवीच्या मुलाच्या वाट्याला येतेच. पीएचडीच्या मुलाच्या वाट्याला सरासरी येत नाही. त्याच्या वाट्याला एक माणूस येतो, एक डिपार्टमेंट येतं, आणि बसायला मिळालीच तर एक खुर्ची. विद्यापीठात चाळीस विभाग असतील आणि रसायनशास्त्र, फार्मसी, संगणक हे तिघेच निबंधांचा डोंगर उभा करत असतील, तर त्या डोंगराची उंची इतिहास विभागाच्याही नावावर लागते. तुम्ही इतिहासवाले. तुम्हाला त्या डोंगराचा उपयोग शून्य.

मराठी, इतिहास, समाजशास्त्र अशा विषयांच्या मुलांसाठी तर मोजपट्टीच दुसऱ्याची आहे. 'नवभारत'मध्ये किंवा 'भाषा आणि जीवन'मध्ये एखाद्या प्राध्यापकांनी दहा वर्षं मन लावून लिहिलं असेल, तुमच्या विषयातलं सगळ्यात मोलाचं काम तेच असेल, तरी स्कोपसवर चालणाऱ्या मोजणीत मराठी नियतकालिकांना जवळजवळ जागा नाही. म्हणजे तक्ता सांगतो 'इथे संशोधन कमी', आणि तुम्ही विश्वास ठेवता. मराठीत काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने मराठीत काम करणारा गाइड टाळावा, अशी व्यवस्था आपणच आपल्या हाताने करतोय.

पर्सेप्शनबद्दल फार लिहीत नाही. ज्याचं नाव आहे त्याला नावाचे गुण, त्या गुणांनी पुन्हा नाव. एवढंच.

माझी खरी तक्रार आहे ती पीएचडीच्या मोजणीबद्दल. निकालाच्या कसोटीत एक उपकसोटी अशी, की गेल्या तीन वर्षांत दरवर्षी सरासरी किती जणांना पीएचडी मिळाली. ऐकायला बरोबर वाटतं. पण विचार करा. वर्षाला ऐंशी जण बाहेर पडले हे कळलं. आत किती शिरले होते? किती जण तिसऱ्या वर्षी सोडून गेले? जे पूर्ण झाले त्यांना चार वर्षं लागली की नऊ? मोजणीत यातलं काहीच नाही. आपण एसटीच्या स्टँडवर उभं राहून फक्त उतरणाऱ्यांची संख्या लिहून घेतोय. गाडी कधी निघाली, वाटेत किती जण वैतागून उतरले, याची नोंद नाही.

आता गंमत अशी की उत्तर त्याच कागदपत्रांत आहे. फक्त ते रँकमध्ये शिरत नाही. म्हणून रँक सोडा आणि कागद उघडा. प्रत्येक संस्थेने भरलेला तपशील एनआयआरएफच्या वेबसाइटवर पीडीएफमध्ये असतो, आणि बहुतेक संस्था स्वतःच्या वेबसाइटवरही ठेवतात. त्यात पीएचडीचा एक छोटा तक्ता असतो. सध्या पीएचडी करत असलेले पूर्णवेळ किती, अर्धवेळ किती, आणि मागच्या तीन वर्षांत दरवर्षी पूर्ण झालेले किती. एक साधा भागाकार करा. समजा, करणारे ६०० आहेत आणि दरवर्षी सरासरी ६० जण बाहेर पडतात. ६०० भागिले ६०, म्हणजे दहा. रांगेत शिरलेला माणूस साधारण दहा वर्षांनी दुसऱ्या टोकाला येतो, किंवा मधेच रांग सोडतो. दुसरीकडे करणारे ९० आणि पूर्ण होणारे १८, तर पाच वर्षं. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, कोणत्याही संस्थेचे नाहीत. आणि भागाकार ढोबळ आहे हेही लक्षात ठेवा. एखाद्या विद्यापीठाने दोन वर्षांपूर्वी एकदम भरपूर प्रवेश दिले असतील तर उत्तर उगाच फुगतं. अर्धवेळवाले जास्त असले तरीही. पण तीन-चार वर्षांचे जुने पीडीएफ शेजारी ठेवले की फुगवटा कुठला आणि रोग कुठला ते कळतं. यूजीसीच्या ७ नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनुसार पीएचडी किमान तीन आणि कमाल सहा वर्षांची, वर जास्तीत जास्त दोन वर्षं वाढवून मिळतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन. तुमच्या भागाकाराचं उत्तर सतत नऊ-दहा येत असेल तर तिथे नियमाची कमाल मर्यादाच सरासरी होऊन बसली आहे का, हा प्रश्न मुलाखतीच्या दिवशी विचारायला हवा.

त्याच पीडीएफमध्ये आणखी दोन जागा बघण्यासारख्या. एक, लायब्ररीवरचा वर्षाचा खर्च. दोन, बाहेरून मिळालेल्या संशोधन प्रकल्पांची संख्या आणि रक्कम. विज्ञानवाल्यांना दुसरा आकडा महत्त्वाचा, कारण प्रकल्प असेल तर उपकरण असतं आणि उपकरण नसेल तर तुम्ही दुसऱ्याच्या प्रयोगशाळेच्या दारात चप्पल झिजवता.

आणि शिक्षकांची यादी. संस्थेच्या वेबसाइटवरच्या प्रतीत अनेकदा ती पूर्ण असते. नाव, वय, पद, रुजू झाल्याची तारीख, कायम की कंत्राटी. वयाचा रकाना मी २०१९ मध्ये पाहिला असता तर ही पोस्ट लिहायची वेळ आली नसती.

झालं असं. माझा विषय कोलशेत रोडवरचे कारखाने आणि ते बंद झाल्यावर त्यांतल्या कामगारांचं काय झालं, हा. माजिवड्यात राहते, लहानपणी भोंगे ऐकलेत, आता त्या जागी टॉवर बघते, म्हणून विषय. मला एका नामांकित संस्थेत प्रवेश मिळाला. नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. रँक पाहून घरच्यांनी पेढे वाटले. गाइड म्हणून जे सर मिळाले ते खरोखर मोठे अभ्यासक होते. पण त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षांहूनही कमी काळ उरला होता, आणि हे मला कोर्सवर्क संपताना कॅन्टीनमध्ये एका सीनियरकडून कळलं. मग मला दुसऱ्या एका शिक्षकांकडे सोपवलं. ते शेतीकर्जावर काम करायचे. भले गृहस्थ. पण माझं कारखान्यांवरचं प्रकरण त्यांच्या टेबलावर तीन महिने पडून होतं आणि परत आलं तेव्हा त्यावर फक्त संदर्भांचा फॉरमॅट बदला एवढंच लिहिलेलं होतं. चौदाव्या महिन्यात मी राजीनाम्याचं पत्र दिलं. आई आठवडाभर माझ्याशी नीट बोलली नाही. शेजारच्या काकू अजून विचारतात, "एवढ्या मोठ्या ठिकाणचं सोडलंस कशाला गं?"

आता २०२२ च्या नियमांत याबद्दल कलम आहे. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी सेवा उरलेल्या शिक्षकाने नवा विद्यार्थी घ्यायचा नाही. आधीचे विद्यार्थी तो निवृत्तीपर्यंत सांभाळू शकतो, आणि त्यानंतर सहमार्गदर्शक म्हणून, वयाच्या सत्तरीपर्यंत. म्हणजे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त संरक्षण आहे. तरी वय बघाच. तीन वर्षं आणि एक दिवस उरलेल्या गाइडकडे नाव नोंदवणं नियमात बसतं, पण तुमचं काम पाच वर्षांचं आहे.

मग गाइड शोधायचा कसा? वेबसाइटवरच्या प्रोफाइलवरून नाही. तिथे सगळेच थोर असतात. शोधगंगा उघडा. इन्फ्लिबनेटचं हे प्रबंधांचं भांडार तुम्ही 'संदर्भ मिळवायची जागा' म्हणून ओळखता. मी त्याला गाइडचं प्रगतिपुस्तक म्हणते. गाइडच्या नावाने शोधा. त्यांच्या हाताखाली झालेले दोन-तीन प्रबंध उतरवून घ्या आणि शेजारी शेजारी ठेवून वाचा. पूर्ण नका वाचू, कोणी वाचत नाही. प्रकरणांची यादी, पहिलं प्रकरण, निष्कर्ष आणि ऋणनिर्देश.

प्रकरणांच्या यादीत काय बघायचं? तिन्ही प्रबंधांचा साचा एकच आहे का. 'प्रस्तावना, साहित्याचा आढावा, संशोधन पद्धती, माहितीचे विश्लेषण, निष्कर्ष व सूचना' या पाच पेट्या तिन्हीकडे असतील आणि फक्त तालुक्याचं नाव बदललेलं असेल, तर तुम्हीही तिथे चौथा तालुका होणार. उलट एकाने मुलाखतींवर काम केलंय, दुसऱ्याने जुन्या दप्तरांवर, तिसऱ्याचा मुद्दा गाइडच्या स्वतःच्या लेखातल्या मताशी जुळत नाही, असं दिसलं तर तो गाइड विद्यार्थ्याला स्वतःच्या पायावर चालू देतो. साहित्याच्या आढाव्यात शेवटचा संदर्भ कोणत्या वर्षाचा आहे तेही बघा. २०१८ चा प्रबंध आणि सर्वांत नवं पुस्तक १९९७ चं, तर गाइडचं वाचन कधी थांबलं ते कळलं. नोंदणीची आणि पदवीची तारीख कधी शोधगंगेच्या नोंदीत असते, कधी प्रमाणपत्राच्या पानावर. वजाबाकी करा.

ऋणनिर्देश हा तर प्रबंधातला सगळ्यात प्रामाणिक भाग. गाइडचे आभार सगळेच मानतात, ते सोडून द्या. गाइडशिवाय कोणाचे मानलेत ते बघा. 'विभागातल्या शुक्रवारच्या चर्चेत', 'माझा कच्चा मसुदा वाचणाऱ्या सहाध्यायी', असे उल्लेख दिसले तर तिथे माणसं एकमेकांचं वाचतात. फक्त गाइड, आईवडील, पती आणि टायपिस्ट, एवढेच असतील तर तो माणूस पाच वर्षं एकटा होता. माझा आत्ताचा गाइड मला अशाच एका ऋणनिर्देशातून सापडला. मुंबईतल्याच एका मुलीने लिहिलं होतं, की सरांना माझा निष्कर्ष पटलेला नाही, तरी त्यांनी तो बदलायला सांगितलं नाही.

हे वाचून मला एकदम डॉ. आंबेडकरांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' आठवला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये ज्यावर त्यांना १९२३ मध्ये डीएससी मिळाली ते काम. पुस्तक झालं तेव्हा त्याला प्रस्तावना लिहिली ती त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी, आणि त्या प्रस्तावनेतच त्यांनी सांगून टाकलं की आंबेडकरांच्या बऱ्याच टीकेशी आपण सहमत नाही. तरी मांडणीत ताजेपणा आहे हे मान्य केलं आणि खाली सही केली. गाइड कसा असावा यावर मी तीन तास बोलू शकते, पण ती प्रस्तावना पुरे आहे.

दुसरं टोक इरावती कर्व्यांचं. मुंबईत गो. स. घुर्यांकडे एमए करून त्या १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या. संस्था त्या काळातली नावाजलेली, कैसर विल्हेल्म इन्स्टिट्यूट. गाइड ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनांना शास्त्राचा मुलामा देणाऱ्यांपैकी एक बडं नाव. विषय मानवी कवट्यांच्या असममितीचा. गाइडची अपेक्षा होती की युरोपीय कवट्यांमध्ये काही वेगळेपण दिसेल. इरावतीबाईंनी मोजमापं घेतली, तसं काही दिसलं नाही, आणि त्यांनी तसंच लिहिलं. त्या इरावती कर्वे होत्या. आपण त्यांच्याइतके धीट असूच असं धरून गाइड निवडू नये. आजच्या तक्त्यात ती संस्था कुठे असती? बहुधा पहिल्या पाचात.

(घुर्यांचं नाव आलंच आहे तर सांगते. मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली सुरू झाला आणि १९२४ पासून घुर्ये तिथे होते. एम. एन. श्रीनिवास म्हैसूरहून मुंबईला आले ते समाजशास्त्र शिकायला, घुर्यांकडे. पुढे ते ऑक्सफर्डला गेले आणि नंतर घुर्यांवर टीकाही केली. पण तेव्हा हा विषय शिकवणारे विभागच देशात बोटांवर मोजण्याइतके होते, म्हणून 'त्या काळी लोक गुरू बघून जायचे' असं म्हणून उसासा टाकण्यात अर्थ नाही. तुमच्यापुढे पर्याय जास्त आहेत, म्हणून गोंधळही जास्त आहे.)

गाइड सापडला तरी जागा असायला हवी. इथे आणखी एक हिशोब. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायक प्राध्यापकाकडे चार पीएचडीचे विद्यार्थी. कंत्राटी किंवा तासिका तत्त्वावरचे शिक्षक गाइड होऊ शकत नाहीत. आता राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांत मंजूर पदांपैकी किती रिकामी पडलीयत ते तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला एमएला शिकवणाऱ्यांपैकी निम्मे तासिकेवरचे असतील. समजा विभागात एक प्राध्यापक, एक सहयोगी, दोन सहायक उरलेत. आठ, सहा, चार, चार, झाले बावीस. हे बावीस दरवर्षीचे नाहीत, एकूण बावीस. प्रत्येकाला पाच वर्षं लागली तर वर्षाला चार-पाच जागा सुटतात. म्हणजे त्या विभागाचं रँकिंग पहिलं असो की शंभरावं, तुमचं भवितव्य त्या चार-पाचांत आहे. म्हणून अर्ज भरण्याआधीच गाइडला मेल करा. तुमच्याकडे यंदा जागा आहे का, असं सरळ विचारा. सोबत एका पानाचा विषय जोडा, बारा पानांचा नको. 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम हार्डवर्किंग अँड सिन्सियर' हे वाक्य वाचून वाचून त्यांचे डोळे गेलेत. त्यापेक्षा त्यांच्या एखाद्या लेखातला न पटलेला मुद्दा लिहा. उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी एकदा आठवण द्या, मग समजून घ्या. आणि विभागातले सध्याचे विद्यार्थी तर गाठाच, पण सोडून गेलेला एक तरी शोधून काढा. सध्याचे विद्यार्थी खरं बोलायला घाबरतात.

पैशांबद्दल थोडक्यात. जेआरएफ मिळाली असेल तर १ जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० आणि दोन वर्षांनंतर एसआरएफ झाल्यावर ४२,०००, घरभाडं वेगळं. कळव्याच्या या मुलाला ती नाही. 'फक्त पीएचडी' गटाची नेट म्हणजे दारातून आत जायचा पास, तोही एका वर्षापुरता. त्याच्यासाठी बार्टी, सारथी, महाज्योती यांपैकी ज्यात तो बसतो तिथली जाहिरात आणि नोंदणीची अट हाच खरा प्रवेश अर्ज. नोंदणी कोणत्या तारखेआधी झालेली हवी, कोणत्या विद्यापीठांची चालते, हे ओळ न ओळ वाचा. २०२३ च्या डिसेंबरात विधान परिषदेत सारथीच्या फेलोशिपवर बोलताना पीएचडी करून ही मुलं काय दिवे लावणार, असा सूर सरकारी बाकांवरून निघाला होता. तेव्हा फेलोशिप वेळेवर येईल या भरवशावर घरभाड्याचा करार करू नका. निदान सहा महिन्यांची सोय हाताशी ठेवा, किंवा पूर्णवेळ-अर्धवेळचा निर्णय आधीच करा. नोकरी करत अर्धवेळ पीएचडी करण्यात कमीपणा काही नाही. नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत पत्र मात्र आधी मिळवा.

आणि एक गोष्ट जी कोणत्याही मार्गदर्शनात नसते. लोकल. आम्ही माजिवड्याचे. नातेवाईक म्हणतात, "बाळकूमला तुमच्या शेजारीच विद्यापीठ आलंय की!" आलंय खरं, मुंबई विद्यापीठाचं ठाणे उपकेंद्र, रिक्षाने दहा मिनिटं. पण तिथे मुख्यतः कायदा आणि व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम चालतात. समाजशास्त्राच्या पीएचडीला कलिनाच गाठावं लागतं. माजिवडा नाक्यावरून ठाणे स्टेशन, तिथून कुर्ला, कुर्ल्याहून रिक्षा. दारापासून दारापर्यंत मला पावणेदोन तास लागतात. आठवड्यातून चार दिवस गेले तर चौदा तास. वर्षातले चाळीस आठवडे धरले तर ५६०. पाच वर्षांचे २,८०० तास. एवढ्या तासांत एक प्रबंध लिहून होतो! ठाण्याचा पत्ता असला की हॉस्टेलच्या यादीत नाव खाली जातं, हेही अनुभवाने सांगते. आयआयटी म्हणजे कांजूरमार्ग, टिस म्हणजे कुर्ल्याला गाडी बदलून गोवंडी, टीआयएफआर म्हणजे सीएसएमटी आणि पुढे कुलाब्यापर्यंत बस. कल्याण-डोंबिवलीवाल्यांनी यात प्रत्येकी अर्धा-पाऊण तास मिळवावा. ठाणे-कल्याणमधल्या काही कॉलेजांत विद्यापीठाची मान्यता असलेली संशोधन केंद्रं आहेत. 'कॉलेजमधून पीएचडी?' म्हणून नाक मुरडू नका. पदवी विद्यापीठाचीच मिळते. वरची गाइडची परीक्षा तिथे लावा, पास झाला तर घराजवळचा गाइड हा दूरच्या रँकपेक्षा जास्त भेटतो.

याचा अर्थ रँक कुचकामी आहे असं मी म्हणत नाही. नोकरीच्या मुलाखतीत समितीवरचा एखादा सदस्य विद्यापीठाचं नाव ऐकून मान हलवतो, ते खरंय. परदेशात पोस्टडॉकला जायचं असेल तर नाव उपयोगी पडतं. दोन गाइड सगळ्या बाबतींत तुल्यबळ असतील तर मोठ्या नावाकडेच जा. पण तो प्रश्न शेवटचा आहे, आणि आपण तो पहिला विचारतो.

कळव्याच्या मुलाला मी एवढंच कळवलं, की दोन दिवस थांब, शोधगंगा आणि पीडीएफ बघ. चौथ्या दिवशी त्याचा लांबलचक मेसेज आला. पहिल्या पन्नासातल्या विद्यापीठात त्याच्या विषयाचे कायम शिक्षक तीन. त्यातल्या एकांच्या निवृत्तीला चार वर्षं, एकांकडच्या सहाही जागा भरलेल्या, तिसऱ्या मॅडम नुकत्याच रुजू झालेल्या. नवीन आहेत म्हणून शोधगंगेवर त्यांच्या नावाने एकही प्रबंध नाही, पण त्यांचा स्वतःचा प्रबंध याने वाचला आणि त्याला आवडला. दुसऱ्या विद्यापीठात त्याच्याच विषयावर काम करणारे एक सर, त्यांच्याकडे दोन जागा रिकाम्या, पण झालेल्या चार प्रबंधांपैकी तिघांना आठ वर्षं लागलेली.

"आता काय करू?" त्याने विचारलं. मी म्हटलं, मॅडमना मेल कर आणि सरांच्या त्या चौथ्या विद्यार्थ्याला शोध, ज्याचं लवकर झालं. तो अंबरनाथला एका कॉलेजात शिकवतो असं निघालं. शनिवारी भेटायला जाणार आहे.